फुटबॉल, बँड आणि शेवटची गाडी

चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन वनजिल्ह्यांसाठीं २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां इकडील पुष्कळ कुटुंबांना समाधान वाटलें. तोंवर येथील महाविद्यालयें नागपूर विद्यापीठाला जोडलेलीं होतीं, आणि गुणपत्रिकेंतील एखादी चूक दुरुस्त करून घ्यावयाची झाली तरी सिरोंच्याच्या मुलाला नागपूर गांठावें लागे. आतां परीक्षा, पदव्या व कचेऱ्या जवळ आल्या. परंतु विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी कचेरी नव्हे, हें एकदां मान्य केलें म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. आपण सारे एका विद्यापीठाचे आहों असें विद्यार्थ्यांना वाटावें, असें तेथें काय आहे? ह्याचें एक उत्तर म्हणून फुटबॉलचा संघ आणि संचलनाचा बँड ह्या दोन गोष्टी आम्ही ह्या महिन्यांत वाचकांपुढें विचारार्थ ठेवूं इच्छितों. सूचना ऐकून कोणी हंसतील. ‘मुलांना शिकावयास धाडावयाचें कीं वरातींत?’ असा सवाल माजघरांतून येईल, हेंही आम्ही जाणतों. म्हणूनच तो सवाल हंसण्यावारी न नेतां नीट तपासून पाहणें इष्ट आहे.

प्रथम ह्या विद्यापीठाचा विद्यार्थी कसा आहे तें पाहूं. गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वनानें व्यापलेला आहे. २०११ च्या खानेसुमारींत एवढ्या मुलखांत मिळून सुमारें १० लाख ७३ हजार माणसें होतीं. त्याच वेळीं एकट्या चंद्रपूर शहराची वस्ती ३ लाख २० हजारांवर होती. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि शेजारचा बल्लारपूरचा कागद-कारखाना ह्यांच्या आश्रयानें वाढलेल्या ह्या शहरांत महाविद्यालयेंही वाढलीं. राजुरा, मूल, सावली, गोंडपिपरी, भद्रावती अशा ठिकाणांहून व त्यांच्या आसपासच्या खेड्यांतून मुलें-मुली सकाळच्या एस. टी. नें शहरांत येतात आणि शिकून परत जातात. जंगलांतून कोसच्या कोस तुडवून फाट्यावर गाडीसाठीं उभा राहणारा विद्यार्थी गडचिरोलीकडे कांहीं विरळा नाहीं.

ह्या विद्यार्थ्याचा दिवस गाडीच्या वेळेनें बांधलेला असतो. पहांटे डबा, मग गाडी, तीन-चार तासिका, पुन्हां स्थानकावर ताटकळणें, आणि फाट्यावर उतरून घरापर्यंत पायपीट. वर्गांत शेजारीं बसणाऱ्याचें नांव त्याला ठाऊक असतें, परंतु त्याचें गांव, त्याचें घर, त्याचा छंद ठाऊक नसतो. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांना सहवासाचें शिक्षण फुकट मिळतें. ये-जा करणाऱ्याला तें मिळत नाहीं. तीन वर्षें तो विद्यापीठांत येतो खरा, पण विद्यापीठ त्याच्यांत कितपत येतें, ही शंकाच आहे. पदवी हातीं पडली म्हणजे संबंध संपतो, आणि मागें उरते ती पासची चिठ्ठी.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट आपण सुशिक्षितांनीं नम्रपणें लक्षांत घ्यावी. ज्या वनप्रदेशाला आपण मागासलेला म्हणतों, त्या प्रदेशाजवळ तरुणांना एकत्र बांधण्याची एक संस्था पूर्वापार आहे. माडिया गोंडांच्या गांवांतील गोटूल ती हीच. संध्याकाळीं गांवचीं मुलें-मुली तेथें जमतात, ढोलाच्या ठेक्यावर हातांत हात गुंफून रेला नाचतात, गातात, आणि गांवाची रीत त्यांतूनच शिकतात. शेजारच्या बस्तरांतील मुरिया लोकांच्या अशाच घोटुलावर व्हेरियर एल्विन ह्यांनीं १९४७ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां बाहेरच्या जगाला ह्या संस्थेची ओळख झाली. आपण ह्याच मुलांना शहरांत बोलाविलें, पुस्तकें दिलीं, आणि एकत्र येण्याचें जें साधन त्यांच्यापाशीं होतें त्याच्या जागीं मात्र कांहींच ठेविलें नाहीं. खेळाचें मैदान आणि बँडाचा ठेका ह्यांचा विचार आम्ही ह्या रिकाम्या जागेच्या संदर्भांत करतों, शोभेच्या संदर्भांत नव्हे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप अभ्यासाचा. मैदानानें अभ्यास बुडतो, असें म्हणणाऱ्यांच्या बाजूनें एक मोठें उदाहरण आहे. अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स ह्यांनीं १९३९ सालीं आपल्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघच मोडून टाकला. तिकडील फुटबॉल निराळा, तो चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा. पण मुद्दा तोच. विद्यापीठाची कीर्ति त्यामुळें उणी झाली नाहीं. तीस वर्षांनीं, १९६९ सालीं, तो खेळ तेथें लहान प्रमाणावर पुन्हां सुरू झाला. ह्यावरून मोठ्या विद्यापीठाला फुटबॉलवांचून चालतें हें सिद्ध होतें, आणि तें आम्हांस मान्य आहे. परंतु शिकागोपाशीं वसतिगृहें होतीं, श्रीमंत ग्रंथालय होतें, सायंकाळीं गुरुशिष्यांनीं एकत्र बसण्याच्या जागा होत्या. ज्याच्या घरीं पंचपक्वान्नें आहेत त्यानें गूळ-शेंगदाणे नाकारले तर नवल नाहीं. उपाशी मनुष्यानें त्याचें अनुकरण करूं नये.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आम्हांस अधिक खरा वाटतो. अमेरिकेंतच अटलांटा शहराच्या मध्यभागीं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे. घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांचें विद्यापीठ म्हणूनच तें दीर्घ काळ ओळखलें जाई. त्यानें २०१० सालीं फुटबॉलचा संघ उभा केला आणि त्याबरोबरच संचलनाचा बँडही. विद्यार्थ्यांना एकत्र येण्यास निमित्त मिळावें हा एक उद्देश होता, आणि तो वाईट नव्हता. परंतु खर्चाचा मोठा वांटा सर्व विद्यार्थ्यांच्या शुल्कांतून उभा करावा लागला. अशा व्यवस्थेंत दिवसां नोकरी करून शिकणारा, सामन्याचें तोंडही न पाहणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या करमणुकीचे पैसे भरतो. आमच्या दोन जिल्ह्यांत असें झाल्यास तो अन्यायच ठरेल. येथें परीक्षेचें शुल्क वेळेवर भरण्यासाठीं घरांतलें धान्य विकावें लागतें अशीं कुटुंबें आहेत. म्हणून अटलांटाचा उद्देश घ्यावा, हिशेब घेऊं नये.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण आपल्या घरांत तो सर्वांत खोल रुजलेला आहे. मुंज असो कीं लग्न, वाजंत्र्यांवांचून मंगलकार्य शोभत नाहीं. वाजविणारा मात्र मांडवाबाहेर. त्याची पंगत शेवटची, त्याची बिदागी घासाघीस करून दिलेली, आणि त्याचें वाद्य कातड्याचें म्हणून हीन. तबला-मृदंग शास्त्राच्या नांवानें आपल्या दिवाणखान्यांत आला; डफ आणि ढोल अंगणाबाहेरच राहिला. आपल्या मुलानें पाठीवर ढोल बांधून भर रस्त्यानें चालावें, ही कल्पनाच पुष्कळ आजी-आजोबांना रुचणार नाहीं. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, ज्या नादावांचून आपलें एकही मंगलकार्य पार पडत नाहीं, तो नाद काढणाऱ्याला बाहेर उभें करणें ही विद्या नव्हे. विद्यापीठाच्या बँडांत वकिलाचा मुलगा, खाणकामगाराची मुलगी आणि माडिया तरुण एका रांगेंत, एका पावलानें चालूं लागले, तर तो धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक दिवस टिकेल.

पलटणीच्या बँडाची प्रथा इकडे इंग्रजी छावण्यांतून आली. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ सालीं बसली. पलटणींबरोबर फुटबॉलही देशभर फिरला, आणि कामठीच्या रब्बानी क्लबासारख्या मंडळांनीं त्या खेळाचा नाद अजून टिकविला आहे. जी वस्तु परक्यांनीं आणली ती कायमची परकीच राहते असें नाहीं. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २ विरुद्ध १ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हां त्या संघांत एक खेळाडू सोडून बाकी सारे अनवाणी खेळत होते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांसाठीं ह्याच खेळाची चळवळ उभी केली. तिच्यावरील ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ सालीं आला. फुटबॉलला फार सामग्री लागत नाहीं. एक चेंडू, मोकळी जागा आणि बावीस जणांची इच्छा एवढ्यावर काम भागतें. शिवाय सामना दीड-दोन तासांत आटोपतो. क्रिकेटला सबंध दिवस लागतो, आणि ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यापाशीं सबंध दिवस नसतो. कबड्डी व खोखो आपले आहेतच, ते चालूच राहावेत. पण मैदानाच्या चारही बाजूंनीं शेंकडों लोकांना उभें राहतां येईल, मध्यंतरांत बँडाला फिरतां येईल, अशी सोय फुटबॉलमध्यें अधिक आहे.

आणि आमचा खरा भर बँडावर आहे. संघांत अकरा जण खेळतात, बँडांत चाळीस-पन्नासांना जागा मिळते. ज्याला धांवतां येत नाहीं त्यालाही ताल धरतां येतो. मैहर संस्थानांत १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर उस्ताद अल्लाउद्दीन खां ह्यांनीं अनाथ मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनीं नळतरंग बनविला, आणि पोरक्या मुलांच्या त्या मेळाव्यांतून मैहर बँड नांवाची संस्था झाली. मुलींना हें कसें जमेल, अशी शंका कोणास असेल तर पिलानीच्या बिर्ला बालिका विद्यापीठाकडे पाहावें. तेथील विद्यार्थिनींचा बँड दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनांत वाजलेला आहे. १९४८ च्या कायद्यानें उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलींचें पथकही त्या संचलनांत वाद्यें वाजवीत गेलेलें आहे.

आमच्या दोन जिल्ह्यांना वादक बाहेरून आणावे लागणार नाहींत. वडशाच्या आसपास जी झाडीपट्टी रंगभूमी आहे, तिचीं नाटकें दिवाळीपासून पुढें सारा हिंवाळाभर खेड्यांतून रात्रभर चालतात, आणि संगीतावांचून त्यांतील एकही प्रयोग उभा राहत नाहीं. ह्या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें १९४२ च्या आधीं चिमूर-आष्टीचा मुलूख कसा भारून टाकला होता, हें जुन्या पिढीनें सांगितलेलें आपण ऐकलें आहे. त्यांच्या भजनमंडळांत आजही गांवोगांव ताल धरणारे हात आहेत. तेव्हां विद्यापीठाचा बँड केवळ पितळी शिंगांचा व इंग्रजी चालींचा नसावा. त्यांत ढोल असावा, खंजिरी असावी, रेल्याचा ठेका असावा. गोंडवाना हें नांव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या बँडांत गोंडी ताल नसेल, तर तें नांव केवळ पाटीपुरतें राहील.

शरीरसामर्थ्याची उणीव तर मुळींच नाहीं. मे २०१८ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं एव्हरेस्टचें शिखर गांठलें. डिसेंबर २०२३ मध्यें बल्लारपूरजवळील विसापूरच्या क्रीडासंकुलांत राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. मैदान आहे, पाय आहेत, फुप्फुसें आहेत, ताल आहे. मग अडचण कोठें आहे?

अडचण घड्याळांत आहे. सर्वत्र सरावाची वेळ शेवटच्या तासिकेनंतर ठेवण्याची रीत आहे. वसतिगृहांतील मुलांना ती सोयीची. ये-जा करणाऱ्यांना तीच मारक. पांचाची गाडी चुकली तर पुढची सातला, आणि सातच्या गाडीनें फाट्यावर उतरेपर्यंत अंधार. फाट्यापासून गांव दोन-तीन किलोमीटर आंत, आणि मध्यें जंगल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली ह्या पट्ट्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसें दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें येत आहेत. अशा वाटेनें एकट्या मुलीनें अंधारांत यावें असें कोणते वडील म्हणतील? मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धें तिकीट झालें, ही मोठी सोय झाली. परंतु अर्ध्या तिकिटानें अंधार अर्धा होत नाहीं.

येथेंच सर्व प्रश्नाचें मर्म आहे. ज्या घरांत मुलीचें शिक्षण पुढें चालवावें कीं नाहीं हें ती दिवेलागणीपूर्वीं घरीं येते कीं नाहीं ह्यावर ठरतें, त्या घरांतील मुलीची सरावापायीं एकदां गाडी चुकली तर खेळच केवळ थांबेल असें नाहीं. तिचें महाविद्यालय थांबेल. म्हणजे विद्यापीठाला एक करण्यासाठीं काढलेला बँड विद्यापीठांतूनच कांहीं जणींना बाहेर काढील. आणि जे शहरांत राहतात, ज्यांच्या दारीं दुचाकी उभी आहे, त्यांचाच तो बँड होईल. मग त्याला विद्यापीठाचा बँड म्हणण्यांत अर्थ नाहीं.

ह्यावर उपाय अवघड नाहीं. सराव तासिकांच्या आंत घ्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या महाराष्ट्रांतील अंमलबजावणींत खेळ, योग, सांस्कृतिक कला, छात्रसेना व सेवायोजना ह्यांसारख्या सह-अभ्यासक्रमांस श्रेयांक देण्याची सोय झालेली आहे. तेव्हां आठवड्यांतून दोन-तीन तास बँडाला व मैदानाला वेळापत्रकांतच द्यावेत, आणि त्यांचे गुणही मांडावेत. म्हणजे ‘अभ्यास बुडतो’ ह्या म्हणण्याला जागा उरणार नाहीं. सामने दुपारीं भरवावेत व शेवटच्या गाडीपूर्वीं संपवावेत. वाद्यें व चेंडू विद्यापीठाच्या मालकीचे असावेत. विद्यार्थ्याच्या शुल्कावर नवा बोजा टाकूं नये. पोशाखाचा थाट पहिल्या वर्षीं नको. स्वच्छ पांढरा सदरा सर्वांच्या घरीं असतो. सामने केवळ चंद्रपुरांत न ठेवतां ब्रह्मपुरी, वरोरा, गडचिरोली, अहेरी असे फिरते ठेवावेत, म्हणजे एखाद्या दिवशीं तरी विद्यापीठच विद्यार्थ्याच्या गांवाकडे येईल. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो. तिकडील मुलें त्या दिवसांत आलीं नाहींत म्हणून त्यांचें नांव पथकांतून काढूं नये. इतकें पाळलें तर खर्च बेताचा राहील, आणि जें मिळेल तें सर्वांचें राहील.

विद्यापीठानें करावयाचें तें एवढें झालें. परंतु आमचे वाचक घरांत राहतात, कार्यकारी मंडळांत नव्हे. म्हणून घरांनीं करावयाचेंही सांगितलें पाहिजे. एकत्र कुटुंबांत मुलाचा एक तास हा त्याचा एकट्याचा नसतो. त्या तासांत दळण आणावयाचें असतें, आजोबांचें औषध आणावयाचें असतें, धाकट्या भावाला शिकवावयाचें असतें. सरावाला जातों म्हणणाऱ्या मुलाकडे घर संशयानें पाहतें तें ह्यामुळेंच. तरी वडीलधाऱ्यांनीं एक करावें. ‘खेळ कशाला?’ हा प्रश्न सोडून ‘सराव किती वाजतां?’ हा प्रश्न महाविद्यालयाला विचारावा. शेवटच्या तासिकेनंतर, असें उत्तर आलें तर चार पालकांनीं मिळून प्राचार्यांकडे जावें आणि वेळ बदलून मागावी. आपलीं मुलें शहरांत राहत असलीं, त्यांना गाडीची अडचण नसली, तरीही जावें. कारण ज्यांची गाडी चुकते त्यांचे वडील तासाभराच्या मजुरीला मुकून प्राचार्यांच्या दारीं येऊं शकत नाहींत. आणि वेळ तासिकांच्या आंत असेल, तर मग घरांतल्या मुलाला व मुलीलाही ढोल हातीं घेण्यास मोकळेपणानें परवानगी द्यावी. सून असो, नात असो, तिच्या नांवाचा शिक्का पथकाच्या यादींत पडलेला पाहून कोणाचें कुळ बुडत नाहीं.

संघ जिंकेल कीं हरेल, ह्याची चिंता आम्ही करीत नाहीं. पहिल्या कांहीं वर्षांत तो बहुधा हरेलच, आणि त्यांतही मुलें पुष्कळ शिकतील. आमचें मागणें साधें आहे. सामना संपावा, बँडाचा शेवटचा ठेका वाजावा, वाद्यें मोजून खोलींत ठेवलीं जावीत, आणि त्यानंतरही सावलीच्या मुलीला तिची पांचाची गाडी मिळावी.